शिशाची मासोळी

रामटेके भाऊवर माझा राग आहे. तो मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. गिरणीवाल्या शेठवरही आहे, पण तो साधा राग, दुश्मनावर असतो तसा. रामटेके भाऊवरचा वेगळा. आपल्या बाजूचा माणूस आपला उगारलेला हात अर्ध्यावर धरतो, तेव्हा जो येतो तो.

शेठचं नाव इथे लिहीत नाही. भीतीने नाही. माझ्या हाताने त्याचं नाव कागदावर चढावं एवढी त्याची लायकी नाही.

बळीराम रामटेके आरमोरीकडच्या एका खेड्यातला. बौद्ध घरातला, मॅट्रिक झालेला, नागपुरात रेडिओ दुरुस्ती शिकलेला. तिथून तो समुद्राची मोजणी करणाऱ्या एका जहाजावर कसा लागला हे त्यालाही नीट सांगता येत नसे. बारा वर्षं त्याने जहाजाच्या मागच्या कठड्याशी उभं राहून पाण्यात नळ्या सोडल्या. परत आला तेव्हा गडचिरोली जिल्हा नवाच झाला होता. अर्ध्या फायली अजून चंद्रपुरातच होत्या आणि अर्धे साहेबही. गावात तो रेडिओ दुरुस्त करायचा, पण लोक त्याला समुंदरवाले भाऊच म्हणत. त्या मुलखात समुद्र पाहिलेला दुसरा माणूस नव्हता.

अंगाने काटक, बुटका. चहाचा कप उचलण्याआधी हाताची मागची बाजू कपाला लावणार. दाराची कडी असो, बैलाची पाठ असो, आधी हाताची मागची बाजू. काहीही पडलं की त्याचे ओठ हलायचे. चिंच पडली, विहिरीत बादली पडली, की हा सेकंद मोजतोय. आणि एक गोष्ट तो एकदाच सांगायचा. दुसऱ्यांदा विचारलं तर नुसता बघत राहायचा.

त्याची माझी ओळख वडसा स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर झाली. मी ढिवराचा पोरगा. सायकलवर टोपली बांधून मासोळी विकण्यापासून सुरुवात केली आणि तोवर बर्फाच्या पेट्यांपर्यंत आलो होतो. भाव केल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नसे. त्या दिवशी त्याच्या हातात बोटाएवढी रिकामी नळी होती, आत केसासारखी तांब्याची तार.

"हे काय हो भाऊ?"

"प्रोब. समुद्राचा ताप पाहाची."

"किती वेळा वापरता?"

"एकदा."

"अन् मंग?"

"मंग समुद्राची."

मला हसू आलं. "वर काऊन नाई ओढत? दोरी बांधा, ओढा, पुन्हा सोडा. एका नळीत दहा कामं."

तेव्हा त्याने सांगितलं. जहाज थांबत नाही, त्याला थांबवणं परवडत नाही. जहाज पुढे जातं, नळी खाली जाते. तार नळीतूनही सुटते आणि वरच्या रिळातूनही, म्हणून कुठे ताण येत नाही. नाकात शिसं, शिशात मण्याएवढा एक तुकडा. पाणी जसं थंड होत जाईल तसा तो तारेतून सांगत जातो. खोली नळीला ठाऊक नसते. ती माणसाने मोजायची, सेकंदांनी. अमुक सेकंद म्हणजे अमुक खाली. तार संपली की तुटते. नळी तळाला जाऊन बसते.

"म्हणजे सांगून मरते," मी म्हणालो.

"सांगून जाते," तो म्हणाला. "अन् एकच वेळा सांगते. म्हणून सोडाच्या आधीच सगळं पाहून घ्यावं लागते."

हिवाळ्यात वडशाला नाटकांच्या मंडळ्या उतरल्या की तो पडदे रंगवणाऱ्यांकडे दुपारी जाऊन बसायचा. एका पेंटरने जहाज बुडण्याच्या प्रसंगासाठी समुद्र रंगवला होता. निळा, लाटांचा, छान. रामटेके भाऊने बराच वेळ पाहिलं.

"तो मांगं हिरवा पट्टा काहाचा आहे?"

"तिकडचा काठ," पेंटर म्हणाला.

"समुद्राले तिकडचा काठ नसते, बाबू."

पेंटरने ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाला, "असं कसं भाऊ? काठ नाई तर पाणी थांबते कुठी?"

आम्ही सगळे वैनगंगेच्या काठचे. पाणी म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत. रामटेके भाऊने उत्तर दिलं नाही, कारण एकदा सांगून झालं होतं. पट्टा तसाच राहिला आणि त्या सीझनभर ते जहाज काठापासून दहा हातांवर बुडत राहिलं.

जहाजावरची नोकरी का सुटली हेही त्याने एकदाच सांगितलं. समुद्र खवळलेला, जहाज आडवं होतंय, वरचा साहेब ओकाऱ्यांनी पडलेला. त्या दिवशी नळ्या सोडता आल्या नाहीत. साहेब अंथरुणातूनच म्हणाला, कालचेच आकडे थोडे मागेपुढे करून लिही. रामटेके भाऊने वहीत लिहिलं, 'सोडली नाही.' एका खाली एक, सहा वेळा. साहेबाच्या नकाशात तेवढं भोक राहिलं. पुढच्या सफरीला रामटेकेचं नाव यादीत नव्हतं.

"मी असतो तर त्या साहेबालेच सोडला असता," मी म्हणालो. "तार बांधून."

"रिकामा रकाना खोटा नसते, मोरेश्वर," तो म्हणाला आणि कपाला हाताची मागची बाजू लावली.

त्याला त्या साहेबाचा राग नव्हता. हेच मला कळत नसे. राग नसलेला माणूस मला मिठाशिवाय वाळवलेल्या मासोळीसारखा वाटतो. टिकेल कसा?

माझा राग टिकाऊ होता. सायकलच्या दिवसांत मे महिन्यात मी शेठच्या गिरणीवर मजुरांना मासोळी विकायला गेलो होतो. टोपली पडवीच्या सावलीत ठेवली. शेठ बाहेर आला आणि म्हणाला, "उचल. सावली माणसांसाठी आहे. वास येते." मी टोपली उन्हात ठेवली. मजुरांची सुट्टी व्हायला दीड तास होता. दीड तासाने त्या टोपलीतलं कुत्र्यानेही खाल्लं नसतं. त्या दिवशी मी मनात म्हणालो, शेठ, तुझ्या दाराला मी कुलूप पाहीन.

ती संधी कुंभडोहाने दिली. उन्हाळ्यात वैनगंगा आटून धारेवर येते आणि मासोळी डोहांत जमते. कुंभडोहावर आमच्या ढिवरांची चाळीस घरं जगायची. शेठची गिरणी उकडा तांदूळ करायची. धान उकळत्या पाण्यात भिजवायचं आणि ते पाणी नाल्याने थेट डोहात. पूर्वी गिरणी लहान होती. मग मोठा बॉयलर आला आणि त्या वर्षी होळीनंतर डोहात मासोळ्या उलट्या तरंगू लागल्या.

सोनाबाई ढिवरांमधली वडीलधारी. ती टोपलीत मेलेला मरळ घेऊन माझ्या दुकानात आली आणि टोपली गल्ल्यावरच ठेवली.

"शिजवाची गरज नाई, मोरेश्वर. शेठनं शिजवूनच दिला."

मी अर्ज केले. चंद्रपूरला म्हणाले, नवा जिल्हा झाला, तिकडे जा. गडचिरोलीला म्हणाले, नदीची मधली धार ही हद्द, तेव्हा पाणी नेमकं कोणत्या जिल्ह्यात गरम होतं ते लिहून आणा. मी सहा खेपा घातल्या. शेवटी पाण्याचे एक साहेब यायला कबूल झाले, पण म्हणाले, "वरचं पाणी उन्हानंही गरम होतं. तळाचं पाणी वरच्या बाजूच्या डोहापेक्षा पाच डिग्रीनं जास्त असेल तर मी कागद करतो. कमी असेल तर माझा वेळ घेऊ नका."

तळाचं तापमान सांगू शकणारा माणूस दोन जिल्ह्यांत एकच होता.

रामटेके भाऊने महिनाभर तयारी केली. ताप ओळखणारे मणी त्याच्या गोव्याच्या एका जुन्या सोबत्याने टपालाने पाठवले. तार मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणली. नाकातलं शिसं सोनाबाईने दिलं, जुन्या जाळ्याच्या गोळ्या वितळवून. एक नळी त्याने गावच्या विहिरीत पुन्हा पुन्हा टाकून सेकंद पक्के केले.

"ही तर ओढली वर," मी म्हणालो.

"ही शाळेतली आहे. डोहात बुडालेली झाडं आहेत. तिथी गेली ते गेली."

प्रवाह पाहायला तो बेलफळं टाकायचा. बेलफळ पाण्यात अर्धंअधिक बुडून चालतं, त्याला वारा ढकलू शकत नाही. नाल्याच्या तोंडाशी टाकलेलं बेलफळ डोहात गोल फिरून परत तिथेच आलं. "पाणी बाहेर जाऊन नाई राह्यलं," तो म्हणाला. "इथीच घोटून राह्यलं." सोनाबाई आणि तिच्या सुना काठावर बसून हे बघायच्या. नळ्यांना त्यांनी नाव ठेवलं, शिशाची मासोळी.

एप्रिलअखेर त्याने ढिवरांच्या होडीतून, डोंग्यातून, दोन नळ्या सोडून पाहिल्या, एक वरच्या डोहात, एक कुंभडोहात. फरक निघाला तीन डिग्री.

पाच हव्या होत्या. मी डोंग्यातच त्याच्याजवळ सरकलो. "भाऊ, दोन डिग्री. जास्त नाई मागत. दोन."

तो नुसता बघत राहिला.

"बरं, दीड. बाकीचं मी साहेबाले समजावतो."

"हे बाजार नाई, मोरेश्वर," तो म्हणाला. "गिरणी मे महिन्यात पुरी चालते. तवा पाहू." आणि त्या विषयावर त्याचं बोलणं संपलं.

माझं संपलं नव्हतं. एक गोष्ट मी त्याच्याचकडून ऐकली होती. जहाजावर नळ्या सावलीत ठेवतात. उन्हात तापलेली नळी पाण्यात गेली की काही वेळ स्वतःचाच ताप सांगते, पाण्याचा नाही. तो नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळायचा. "पाण्यात सोडाची चीज आधी पाण्याएवढी करा," असं म्हणायचा.

पाहणीच्या दिवशी नळ्यांच्या दोन पुड्या होत्या. चार नळ्या वरच्या डोहासाठी, चार कुंभडोहासाठी. वरच्या डोहाच्या पुडीला मी हात लावला नाही. दुसरी पुडी, डोंगा वळवायच्या गडबडीत, फडक्यातून काढून मी वाळूवर ठेवली. मे महिन्यातली वैनगंगेची वाळू. ज्याने माझी टोपली उन्हात ठेवायला लावली, त्याच्यासाठी मी हे ऊन वापरत होतो. मला लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

साहेब छत्री घेऊन डोंग्यात बसले होते. शेठ काठावर, त्याचा माणूस त्याच्यावर छत्री धरून. वरच्या डोहाचं काम नीट झालं. मग कुंभडोह. रामटेके भाऊने पहिली नळी सोडली आणि तार जोडलेल्या मीटरकडे बघत सेकंदागणिक आकडे सांगू लागला. साहेब लिहीत होते. आकडे मोठे होते. पंचेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस. तार तुटली. मी शेठकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो चेहरा मी वर्षानुवर्षं मागितला होता आणि मला मिळाला, एका नळीपुरता.

दुसरी नळीही तशीच. रामटेके भाऊ थांबला. तिसरी हातात घेतली आणि सोडण्याआधी तिला हाताची मागची बाजू लावली.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"साहेब, हे खोडा," तो म्हणाला. "पाणी पायऱ्यापायऱ्यांनं थंड होते, थरावर थर असते त्याचे. हे सारखं घसरून राह्यलं. हा पाण्याचा ताप नाई, शिशाचा आहे. नळ्या उन्हात राहिल्या. माझी चूक. अर्धा घंटा द्या, उरलेल्या दोन थंड करतो."

माझी चूक, म्हणाला. कोणी विचारलंही नव्हतं.

काठावरून शेठ हसला. "बारा वर्षं समुद्र मोजून आला अन् डोह नाई मोजता येत!" मग साहेबांना म्हणाला, "चला साहेब, जेवण थंड होऊन राह्यलं."

साहेबांनी कागद खोडला, खाली सही केली आणि जीपमध्ये बसले. त्यांनी अर्धा तास दिला नाही.

काठावर आम्ही तिघंच राहिलो. रामटेके भाऊ, सोनाबाई आणि मी. त्याने दोन्ही नळ्या पाण्यात धरून अर्धा तास बसून काढला. त्या अर्ध्या तासात तो मला एक शब्द बोलला असता तर मी भांडलो असतो, ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तो बोलला नाही. मग एक नळी सोडली. आकडे पायऱ्यांनी उतरले. शेवटचा आकडा त्याने वरच्या डोहाच्या आकड्याशेजारी लिहिला आणि कागद माझ्या हातात दिला.

फरक सात डिग्रीचा होता.

दोन मागितल्या होत्या मी. एप्रिलच्या तिनावर न मागता चार आधीच पाण्यात होत्या.

"काय लिहिलं रे?" सोनाबाईने विचारलं. मी कागद उलटा केला. रामटेके भाऊ तिला म्हणाला, "पाणी लई गरम आहे, बाई. पुढच्या साली पुन्हा पाहू." उरलेली नळी त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात टाकली.

पावसाने डोह धुऊन नेला, पण ढिवरांचं ते वर्ष गेलंच. शेठने बाजारात आमच्या फजितीची गोष्ट करून सांगितली. मी वर्षभर चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पायऱ्या झिजवल्या. ते साहेब बदलले, नवे आले. त्यांच्या टेबलासमोर मी इतक्या वेळा उभा राहिलो की त्यांनी मला टाळण्यासाठीच तारीख दिली. या खेपेला नळ्या मी स्वतः सांभाळल्या. चूक होऊ नये म्हणून माझ्या मासोळीच्या पेटीत, बर्फात.

रामटेके भाऊने पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. मला आठवतं, तो हसला तो तेव्हाच.

"गेल्या साली गरम खोटं, औंदा थंड खोटं. मोरेश्वर, मंधात काई येते का नाई तुले?"

त्याने सगळ्या बाहेर काढून नदीच्या पाण्यात ठेवल्या. त्या पाण्याएवढ्या होईपर्यंत नव्या साहेबांना बेलफळं दाखवत गुंतवून ठेवलं. मग एक एक सोडली. वरच्या डोहात चार, कुंभडोहात चार. फरक पुन्हा सात. शेठ उन्हात उभा होता. त्याचा छत्रीवाला मागे राहिला होता आणि शेठला ते लक्षातही आलं नव्हतं. मी मुद्दाम त्याच्या आणि एकुलत्या एका जांभळीच्या सावलीच्या मध्ये उभा राहिलो.

साहेबांनी विचारलं, "उपाय काय?"

मी तोंड उघडलं. कुलूप हा शब्द माझ्या जिभेवर होता. पण साहेबांनी रामटेके भाऊला विचारलं होतं.

"दोन हौद खणा," तो म्हणाला. "एकातलं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं नाल्यात. तीन दिवस थांबवून सोडलं तर पाणी नदीएवढं होते. गिरणी चालू द्या."

आणि तो खाली बसून वाळूवर काडीने हौदांचं चित्र काढू लागला. कोणासाठी? शेठसाठी. शेठ त्याच्या शेजारी उकिडवा बसून विचारत होता, खोल किती, लांब किती. ज्याने वर्षभर बाजारात त्याचं हसं केलं, त्याला हा मापं देत होता.

साहेब गेल्यावर मी त्याची कॉलर धरली. हो, धरली. "भाऊ, कुलूप पाहिजे होतं मले! वर्षभर जोडे झिजवले ते हौदासाठी नाई!"

"मले पाण्याचं विचारलं," तो म्हणाला. "शेठचं नाई विचारलं."

सोनाबाईने माझा हात सोडवला. "मासोळी येईन का नाई ते पाय. कुलूप का तळून खाशील?"

मासोळी आली. पुढच्या उन्हाळ्यात मरळ, शिंगाडा, सगळी आली. माझ्याच पेट्यांतून गेली. चाळीस घरांच्या चुली पेटल्या आणि गिरणीचं धुराडंही. मी बर्फ भरताना मान वर केली की ते धुराडं दिसायचं. माझा सूड अर्धा शिजलेला राहिला. तो कोणी ठेवला हे मी विसरलेलो नाही. आणि पहिल्या वर्षी पुडी वाळूवर कोणी ठेवली हे त्याने दुसऱ्या कोणाला कधी सांगितलं नाही, हेही विसरलेलो नाही. दोन्हींत जास्त राग कशाचा येतो ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे त्याला सिरोंच्याकडे नदीची पातळी मोजायचं काम मिळालं. आरमोरीच्या स्टँडवर मी गेलो होतो. निरोपाला नव्हे, तिकडच्या एका व्यापाऱ्याला पेटी द्यायची होती. तो खिडकीपाशी बसला होता. मला पाहून त्याने खिशातून ओलं फडकं काढलं. आत पहिल्या वर्षी उरलेली नळी होती.

"ठेव," म्हणाला. "सावलीत."

"कायले? आता काय कामाची?"

तो नुसता बघत राहिला. एकदा सांगून झालं होतं. बस हलली तेव्हा स्टँडवरच्या पोराच्या हातून पेरूची टोपली सुटली, पेरू खाली घरंगळले आणि खिडकीत त्याचे ओठ हलताना दिसले. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

नळी माझ्या दुकानात आहे, त्याच फडक्यात, उत्तरेकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात. तिथे ऊन कधीच येत नाही. गिरणी आता शेठचा पोरगा चालवतो. दोन हौद आहेत अजून, पण त्यातला एक गाळाने भरत आला आहे आणि पोराला तो उपसायला फुरसत नाही म्हणतात. मी नाल्यावरून येता-जाता पाण्याला हाताची मागची बाजू लावून बघतो. घाई नाही, नळी एकच आहे.

फडकं मात्र रोज सकाळी ओलं करतो.